गोधडीचा घरगुती पाठ : जुने हात चालते आहेत तोवर शिकून घ्या



कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, मुख्य पीक भात आणि भाताच्या ओलीवर वाल. पावसाळ्यात घरात शिरणारा गारठा आणि पौष महिन्यातील डोंगराकडची थंडी या दोन्हींसाठी येथील शेतकऱ्याच्या घरात एकच जुना इलाज आहे, तो म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणते. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक घालून, वरून ठिगळांची खोळ चढवून, सबंध कापडावर धावदोरा घातला की गोधडी तयार होते. तिला कापूस लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. जुने कापड, सुई, दोरा आणि शिकवणारे एक माणूस एवढे असले की काम भागते.

यातील जुने कापड अजूनही मिळते. सुई-दोरा तर प्रत्येक बाजारात आहे. कमी होत चालले आहे ते शिकवणारे माणूस. त्याहूनही कमी होत चालली आहे ती त्या माणसाशेजारी बसण्याची वेळ. मुलगी कॉलेजसाठी सकाळची लोकल धरते, सून कंपनीत किंवा दुकानात कामाला जाते आणि बाजारात शे-दोनशे रुपयांना पातळ चादर मिळते. त्यामुळे गोधडी शिवणे पुढे ढकलले जाते. भाताचे बी खराब झाले तर कर्जतच्या प्रादेशिक कृषि संशोधन केंद्रातून किंवा कृषि सेवा केंद्रातून नवे आणता येते. हाताच्या कसबाचे बी मात्र कोणत्याही केंद्रात साठवलेले नसते. ते घरातल्या घरातच पेरावे लागते. म्हणून गोधडी कशी शिवावी याबरोबरच ती घरातील वडीलधाऱ्या बाईकडून कशी शिकावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

पूर्वी शिक्षण कसे होत असे

गोधडी कोणी वर्ग भरवून शिकवली नाही. आजीची नजर कमी झाली की ती नातवंडाला हाक मारून सुईत दोरा ओवून घेत असे. हाच पहिला धडा. पाच-सहा वर्षांचे मूल दहा-बारा सुया ओवून ठेवी आणि तिथेच बसून राही. बसल्या बसल्या ते थर कसे पसरतात, दोरा किती लांब घेतात, कोपऱ्यात काय करतात हे पाहत असे. पुढे त्याला उसवण्याचे काम मिळे, मग कडेचा कच्चा टाका आणि शेवटी मधली ओळ. अशा रीतीने चार-पाच उन्हाळ्यांत हात तयार होत असे.

मुलगी लग्न होऊन सासरी गेली की माहेरची रीत तिच्याबरोबर जाई. एका घरात कडेपासून आत चौकटी घालत जाण्याची पद्धत असते, तर दुसऱ्या घरात लांबीच्या सरळ ओळी घालतात. सासूबाईंची एक रीत आणि सुनेची दुसरी अशा दोन्ही रीती एकाच गोधडीवर दोन बाजूंनी चालत. यात चूक-बरोबर असे काही नाही. मात्र शिकणाऱ्याने प्रथम एका हाताची रीत पुरती शिकावी आणि मग दुसरी पाहावी. दोन्ही एकदम धरल्यास ओळ बिघडते.

वेळ कोणती निवडावी

1) कोरडवाहू गावांत भाताची झोडणी व वालाची काढणी आटोपल्यावर फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दुपारचा वेळ मिळतो. राब भाजणीची कामे सकाळी उरकतात.

2) राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्या गावांत लावणीनंतर कापणीपर्यंतचे दिवस धरावेत. कापणीच्या धांदलीत गोधडी अंथरू नये.

3) कोणत्याही परिस्थितीत मृगापूर्वी गोधडी पुरी व्हावी. आगोटीची बेगमी करताना मीठ, मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा यांची जशी यादी करतो, तशी त्यात गोधडीही धरावी. पाऊस सुरू झाल्यावर कापड दमट होते, सुई गंजते व अर्धवट शिवलेल्या थरांना कुबट वास लागतो.

4) रोज दोन तास पुरेत. त्याहून जास्त वेळ बसल्यास मान व पाठ भरून येते आणि टाके मोठे पडू लागतात.

कापडाची पारख

वडीलधाऱ्या बाईकडून सर्वांत आधी शिकण्याची गोष्ट म्हणजे कापड ओळखणे. ती कापड उजेडात धरते, दोन्ही अंगठ्यांनी ताणते आणि हे वर घाल, हे पोटात घाल, हे टाकून दे असे झटकन सांगते. तिला कारण विचारावे. कारणे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

— ताणल्यावर करकर आवाज करून फाटणारे कापड जीर्ण झालेले असते. ते पोटातही घालू नये. वरचे कापड कितीही चांगले असले तरी आतला जीर्ण थर धुण्यात गोळा होतो.

— लुगड्याचा बसण्याचा भाग सर्वांत आधी विरतो, तर पदर व काठ सर्वांत जास्त टिकतात. काठ उसवून बाजूला ठेवावा. तो गोधडीच्या कडेला गोट म्हणून लावता येतो.

— सुती कापड पोटासाठी उत्तम. ते घाम शोषते, एकमेकांवर सरकत नाही आणि सुई सहज जाते.

— पॉलिएस्टरचे, नायलॉनचे कापड निसरडे असते. आतले थर सरकतात व गोधडी एका बाजूला जड होते. शिवाय ते पेट घेतल्यास वितळून कातडीला चिकटते. चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ वापरायच्या गोधडीत असे कापड मुळीच घालू नये.

कापड सुती आहे की नाही याची शंका असल्यास दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून पेटवून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो व बोटाने चुरडणारी मऊ राख होते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो व टोकाला कठीण गाठ राहते. ही परीक्षा मोठ्या माणसाने, पाण्याचे भांडे जवळ ठेवून करावी.

निवडलेले सर्व कापड गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून स्वच्छ धुवावे व कडक उन्हात दोन दिवस वाळवावे. न धुतलेले कापड आत गेले तर गोधडी पहिल्या धुण्यात आटते व टाके ओढले जातात.

साहित्य

1) सुई : लांब, मजबूत आणि डोळा मोठा असलेली. पोती शिवण्याचे दाभण वापरू नये. त्याने पडलेले भोक जुन्या कापडात बुजत नाही.

2) दोरा : पक्क्या रंगाचा सुती जाड दोरा. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतल्यास गुंता होत नाही.

3) अंगुस्तान : मधल्या बोटात घालण्यासाठी. अनेक जुन्या बायका ते वापरत नाहीत, कारण त्यांच्या बोटाला घट्टा पडलेला असतो. शिकणाऱ्याने मात्र जरूर वापरावे.

4) कात्री, उसवण्यासाठी जुने ब्लेड व सुया टोचून ठेवण्यासाठी कापडाची लहान उशी.

5) चार वजने : थर पसरल्यावर कोपऱ्यांवर ठेवण्यासाठी गुळगुळीत दगड किंवा वरवंटा.

सुयांबाबत एक नियम काटेकोरपणे पाळावा. बसताना किती सुया काढल्या त्या मोजाव्यात आणि उठताना तितक्याच परत उशीला टोचाव्यात. एक जरी कमी भरली तरी गोधडी घडी न करता शोध घ्यावा. आत राहिलेली सुई पुढे अंथरुणात निजलेल्या मुलाला लागते. गंजलेली सुई खोल टोचल्यास जखम साबणाने धुवावी व धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जावे.

शिकण्याच्या पायऱ्या

पहिली गोधडी मोठी घेऊ नये. बाळाचे दुपटे किंवा दीड हात चौरस बसकर घ्यावे. त्यात सर्व पायऱ्या येतात आणि आठवड्यात काम पुरे झाल्याने हुरूप टिकतो.

पायरी पहिली – ओवणे. दोरा दोन हातांहून लांब घेऊ नये. लांब दोरा वारंवार ओवावा लागत नाही असे वाटते, पण तो पिळतो, गुंततो व कापडातून जाता-जाता झिजून तुटतो.

पायरी दुसरी – उसवणे व कापणे. लुगडे किंवा धोतर शक्य तेथे धाग्याच्या रेषेत फाडावे. त्यामुळे कड सरळ येते. कात्रीने अंदाजे कापलेली कड तिरकी जाते आणि पुढे थर जुळत नाहीत.

पायरी तिसरी – पसरणे. सारवून वाळलेली जमीन, ओटी किंवा स्वच्छ चटई घ्यावी. खालचे अस्तर उलटे पसरून ताणावे व कोपऱ्यांवर वजने ठेवावीत. त्यावर पोटातले थर एकेक घालावेत. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारखा करावा. एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या जोडावर येऊ देऊ नये, नाहीतर तेथे वरंबा होतो. अंगावर घ्यायच्या गोधडीला एकूण तीन ते चार थर पुरतात, तर अंथरायच्या गोधडीला सहा ते आठ लागतात.

पायरी चौथी – कच्चा टाका. शेवटची खोळ घालून कडा आत दुमडाव्यात. नंतर मधून सुरुवात करून कडेपर्यंत चारी बाजूंना वीतभर अंतराने लांब-लांब कच्चे टाके घालावेत. अनुभवी बाई ही पायरी गाळते, कारण तिचा डावा हात थर सरकू देत नाही. नवशिक्याने ती गाळू नये. कडेपासून आत शिवत गेल्यावर सैल राहिलेले सगळे कापड मध्यभागी जमते व फुगा येतो. तो नंतर काढता येत नाही.

पायरी पाचवी – कडेची ओळ. धावदोऱ्याची पहिली ओळ कडेपासून एक बोट आत घालावी. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवावी. उजवा हात वरून सुई घालतो आणि डावा हात खालून तिचे टोक चाचपतो. टोक डाव्या बोटाला लागले तरच सुई सगळ्या थरांतून गेली असे समजावे. ही गोष्ट पाहून शिकता येत नाही. आजीच्या हाताखाली आपला हात ठेवून टोक किती लागते ते अनुभवावे.

पायरी सहावी – कोपरा. कोपऱ्याच्या एक बोट आधी थांबावे, एक टाका मागे घेऊन पक्का करावा आणि मग दिशा बदलावी. सुई न वळवता आपण वळून बसावे किंवा गोधडी फिरवावी. कोपरा गोल झाला तर आतल्या सर्व चौकटी गोल होत जातात.

पायरी सातवी – मधल्या ओळी. दोन ओळींत एक बोट अंतर ठेवावे. दोरा ओढताना कापडाला चुणी पडता कामा नये आणि दोरा सैलही राहता कामा नये. पाच-सहा ओळी झाल्या की गोधडी उलटून पाठची बाजू पाहावी. पाठीवर टाका दिसत नसेल तेथे सुई आतल्या थरातच राहिली असे समजावे व तेवढा भाग उसवून पुन्हा घालावा.

शिवणयंत्र असेल तर

आता बऱ्याच घरांत शिवणयंत्र आहे. ठिगळे जोडून खोळ तयार करण्यासाठी ते जरूर वापरावे. वेळ निम्म्याहून कमी लागतो. परंतु सगळे थर एकत्र करण्याची टीप यंत्रावर मारू नये. यंत्राची टीप जवळ-जवळ भोके पाडते व जुने कापड त्याच रेषेत फाटते. शिवाय घट्ट टिपेमुळे थर दबून गोधडी चपटी व कडक होते. हाताच्या टाक्यात थरांमध्ये हवा राहते व त्या हवेमुळेच गोधडी उबदार लागते.

एका गोधडीचा हिशेब

नवशिक्याला किती कापड, किती दोरा व किती वेळ लागेल याचा अंदाज नसतो. साडेसहा फूट लांब व पाच फूट रुंद गोधडी धरून हिशेब असा मांडता येईल.

कापड : नऊवारी लुगडे सुमारे 27 फूट लांब व पावणेचार फूट रुंद असते. त्याचे चार सारखे तुकडे केल्यास प्रत्येक पावणेसात फुटांचा येतो. दोन तुकडे शेजारी ठेवले की साडेसात फूट रुंदी मिळते. त्यातील पाच फुटांचा एक थर होऊन अडीच फुटांची पट्टी उरते. उरलेल्या दोन तुकड्यांतूनही तसेच होते. अडीच फुटांच्या दोन पट्ट्या जोडल्या की तिसरा थर होतो. म्हणजे चांगल्या स्थितीतील एका लुगड्यात तीन थर बसतात. विरलेला भाग वगळल्यास प्रत्यक्षात दोन थर धरावेत.

दोरा : ओळींत दोन सेंटिमीटर अंतर धरल्यास पाच फुटांत सुमारे 75 ओळी बसतात. प्रत्येक ओळ साडेसहा फुटांची, म्हणजे सुमारे 490 फूट किंवा 150 मीटर शिवण झाली. टाक्यात जाणारा व वाया जाणारा दोरा धरून सुमारे 180 मीटर लागेल. दुहेरी दोऱ्याने शिवल्यास याच्या दुप्पट.

वेळ : सरावलेल्या हाताला एका फुटाला दोन मिनिटे लागतात असे धरले तर धावदोऱ्यालाच सोळा-सतरा तास होतात. रोज दोन तास बसल्यास आठ-नऊ दुपारी. नवशिक्याने याच्या दुप्पट वेळ धरावा. कापड धुणे, उसवणे, खोळ जोडणे व थर लावणे यांस आणखी सात-आठ तास लागतात. प्रत्येकीने आपला एका फुटाचा वेळ घड्याळ लावून एकदा मोजून पाहावा.

घरातील वडीलधाऱ्या बाईला काय विचारावे

गोधडी कशी शिवायची, ते सांगा असे विचारल्यास बहुतेक वेळा त्यात काय सांगायचे असेच उत्तर मिळते. ते खरेही असते, कारण तिचे ज्ञान शब्दांत नसून हातात असते. म्हणून आधी गोधडीची दुसरी कड धरून बसावे आणि काम चालू असताना थांबून थांबून विचारावे. हा तुकडा मध्येच का घातला? येथे ओळ का वळवली? ही गाठ कशी लपवली? हात थांबला की उत्तर आपोआप येते.

घरातील जुनी गोधडी हे सर्वांत चांगले पाठ्यपुस्तक आहे. फाटलेला एखादा कोपरा उसवून आत किती थर आहेत ते मोजावे. बऱ्याच जुन्या गोधड्यांच्या पोटात आणखी एक जुनी गोधडी निघते. जीर्ण झालेली गोधडी टाकून न देता तिच्यावर नवी खोळ चढवण्याची रीत होती. कोणते कापड कोणाचे होते हे आजीला विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. वहीत पुढील नोंदी कराव्यात : गोधडीची लांबी-रुंदी, थरांची संख्या, सुरुवात कोठून केली, ओळींतील अंतर, कोपरा वळवण्याची रीत आणि कापड कोणाचे. अशी दोन पाने लिहिली तरी पुढच्या पिढीला आधार राहतो. मोबाइलवर हातांचे चित्रण करून ठेवले तर फारच चांगले. तोंडापेक्षा हातांचे करावे.

आजीला सुई दिसत नाही म्हणून तिने शिवणे सोडले असेल तर तिला कामातून निवृत्त समजू नये. तिची नजर जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासून घ्यावी. पुष्कळदा जवळचे पाहण्याचा साधा चष्मा पुरतो. मोतीबिंदू असल्यास त्यावर शस्त्रक्रिया होते. हात कापत असल्यास तिने शिवू नये, पण थर लावताना व कापड निवडताना तिला शेजारी बसवावे. त्या कामाला हातापेक्षा पारख जास्त लागते.

मुलग्यांनाही शिकवावे. पोत्याला टाका घालणे, ताडपत्रीला ठिगळ लावणे, फाटका सदरा दुरुस्त करणे ही शेतकऱ्याची रोजची कामे आहेत. ज्याला धावदोरा येतो त्याचे कोठे अडत नाही.

इतर ठिकाणचे अनुभव

जुन्या कापडाचे थर शिवून पांघरूण करण्याची विद्या अनेक शेतकरी समाजांत आहे आणि सगळीकडे ती घरातूनच पुढे गेली आहे. बंगालमध्ये जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोरा घालून कांथा करतात. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजातील स्त्रिया कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून ठिगळे जोडत-जोडत आत जातात आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची लहान फुले लावतात. ती फुले नसली तर कवंदी अपुरी मानली जाते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे नदीच्या वळणावरील गाव आहे. तेथील कृष्णवर्णीय कुटुंबे कापूस पिकवीत. स्त्रिया शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आणि त्या आई, आजी व मावशी यांच्याकडून शिकत. 1966 मध्ये त्या भागातील स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. 2002 मध्ये ह्यूस्टन शहरातील संग्रहालयात त्यांच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले आणि 2006 मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. तेथील गोधड्या संग्रहालयात पोहोचल्या, कारण शिवणे कोणी सोडले नव्हते आणि जुन्या गोधड्या घराघरांत जपून ठेवलेल्या होत्या.

विक्री करावयाची असल्यास

कर्जत, नेरळ, माथेरान या भागात मुंबई-पुण्याचे पर्यटक वर्षभर येतात. हाताने शिवलेल्या गोधडीला त्यांच्याकडून मागणी असते. परंतु किंमत ठरवताना स्त्रिया स्वतःची मजुरी धरतच नाहीत. वरील हिशेबानुसार एका गोधडीला सुमारे चोवीस तास, म्हणजे आठ तासांचे तीन दिवस लागतात. गावात त्या हंगामात शेतमजुरीचा जो दर असेल त्याची तीन दिवसांची रक्कम, अधिक कापड, दोरा व वाहतूक, एवढी किंमत मिळत नसेल तर ती विक्री तोट्याची समजावी.

विक्रीसाठी बचत गटाने एकत्र येणे सोयीचे पडते. एकीने कापड निवडावे, दोघींनी खोळ जोडावी व बाकीच्यांनी धावदोरा घालावा. गटबांधणी व प्रशिक्षणाबाबत उमेद अभियानाच्या तालुका कार्यालयात किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाकडे चौकशी करावी. मात्र घरातील जुनी, आजीच्या हातची गोधडी चांगला भाव आला म्हणून विकू नये. ती गेली की नमुना गेला.

धुणे व साठवण

1) गोधडी वर्षातून दोनदा धुवावी, एकदा दिवाळीनंतर व एकदा मृगापूर्वी. धुण्यासाठी असा दिवस निवडावा की संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू वाळतील.

2) भिवपुरी व खोपोली येथील वीजकेंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे पेज व पाताळगंगा या नद्या उन्हाळ्यातही वाहतात व अनेक जणी तेथे गोधड्या धुतात. पाणी सुटल्यावर पातळी एकाएकी वाढते. म्हणून लहान मुलांना पात्रात नेऊ नये आणि जड, भिजलेली गोधडी ओढण्यासाठी खोल पाण्यात उतरू नये.

3) ओली गोधडी एका टोकाला धरून उचलू नये. टाके तुटतात. दोघींनी घडी करून उचलावी व दोन दांड्यांवर पसरावी.

4) साठवताना घड्यांमध्ये निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. बाळाच्या दुपट्यात डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. त्यांची वाफ नवजात बाळाला अपायकारक असते.

5) पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी गोधड्या बाहेर काढून उन्हात घालाव्यात.

समारोप

येत्या उन्हाळ्यात प्रत्येक घराने एक गोधडी शिवण्याचे ठरवावे आणि ती घरातील सर्वांत वयस्कर व सर्वांत लहान अशा दोन माणसांना समोरासमोर बसवून शिवावी. कापड जुने असो की नवे, टाके सरळ असोत की वाकडे, पहिल्या वर्षी त्याची चिंता करू नये.

काही घरांत ट्रंकेत एखादी अर्धी शिवलेली गोधडी असेल आणि ती शिवणारी आता नसेल. अशी गोधडी उसवू नये व बांधूनही ठेवू नये. वर सांगितल्याप्रमाणे कच्चा टाका घालून थर पक्के करावेत, तिची ओळ जेथे संपली आहे तेथे गाठ लपवावी आणि तेथूनच पुढे शिवावे. टाका तिच्यासारखा येणार नाही. तिची ओळ कोठे संपली आणि आपली कोठे सुरू झाली हे गोधडीवर कायम दिसेल. ते दिसले तर काही बिघडत नाही. गोधडी पुरी करावी व या पावसाळ्यात वापरायला काढावी.